दुसरी सही

लाईट गेली तेव्हा मशीन जेमतेम कोमट झालं होतं.
निकिताच्या पार्लरमधून एका रात्रीच्या बोलीवर आणलेलं,
त्याच्या दांडीवर आईची एकच बट
अर्धी वळून थांबली.
मे महिन्यात माशेलची लाईट गेली म्हणजे गेली,
तिची वाट बघायची नसते.

पहिल्या सहीला ती सरळ केसांनीच गेली होती फोंड्याला.
तेल पिऊन चपटे, मधोमध भांग,
पोफळीसारखे एका रेषेत.
रजिस्ट्रारच्या कचेरीबाहेरच्या बाकावर
रोहिदासकाका
(अजून काकाच म्हणते मी,
चोडणच्या फेरीबोटीवर तीस वर्षं दोर फेकलेला माणूस)
तिच्याकडे न बघता म्हणाले,
शाळेत तुझे केस कुरळे होते, नाही?

नव्हते.
ती तिसऱ्या बाकावरची यमुना.
आई बसमध्ये हसली, बाणस्तारीपर्यंत हसली,
मग गप्प झाली,
आणि घरी चपला काढताना म्हणाली,
जमतील का गो कुरळे?
कशाला खोटं पाडायचं माणसाला.

तर आता मेणबत्ती, कंगवा, वाटीत साखरेचं पाणी.
कुंपणापलीकडून एस्पेरांसबाय ओरडते,
साखर कित्याक? बियर लाय गो, बियर!
आणि खरंच पोराच्या हाती अर्धा ग्लास पाठवते,
फेस बसलेला, नवऱ्याच्या पुढ्यातून उचललेला.
आई नाक मुरडते.
देवाच्या फोटोकडे पाठ करून बसते.
म्हणते, लाव.

चिंध्या हव्यात.
माझी ओढणी नको, नायलॉन, पाणी धरत नाही.
ती अंधारातच उठते, ट्रंकेचं झाकण कुरकुरतं,
डांबरगोळीचा वास येतो
आणि माझ्या मांडीवर पप्पांचा शर्ट पडतो.
निळ्या रेघांचा. कॉलर झिजली म्हणून उलटून शिवलेली.
अकरा वर्षं घडी न मोडलेला.

फाड, ती म्हणते. सुती आहे.
मी कात्री शोधू लागते.
कात्री नको, हाताने फाड,
रेघेवरून सरळ जाईल.

गेला.
बाहेर कुत्रा उठून बसला त्या आवाजाने.
अठरा पट्ट्या.
टोकापासून गुंडाळत मुळापर्यंत, गाठ, पुढची बट.
मेंदी फक्त वरवर, खाली सगळं पांढरं,
आणि मानेवर एक तीळ
जो मी छत्तीस वर्षांत पाहिला नव्हता.
खेचतेस, ती म्हणाली.
तू खेचायचीस त्याच्या निम्म्यानेही नाही, मी म्हटलं.
शाळेच्या वेण्यांचा हिशेब तेवढ्यावर मिटला.

रात्रभर गाठी टोचत राहिल्या तिला.
पहिल्या दोन बटांना साखर लावली होती,
त्या मुंग्यांनी बरोबर शोधून काढल्या.
दोनच्या सुमारास तिचा आवाज:
यमुना कुठे असते गो आता?
मला काय माहीत.
मुंबईला दिली होती, ती म्हणाली.
बरी होती दिसायला.

सकाळी सोडले.
उजवीकडे सुरेख, कानापासून खांद्यापर्यंत गिरक्या.
डाव्या कुशीवर झोपली होती,
तिथे काही नाही, नुसता संशय.
म्हणून अबोलीची फाती डावीकडे माळली.
पिन कुठे खुपसायची हेच ती विसरली होती,
चारदा काढली, चारदा लावली.

सहीला वाकली तेव्हा
एक बट सुटून रजिस्टरवर आली.
कारकून म्हणाला, बाई, केस मागे घ्या, नाव झाकतंय.
रोहिदासकाका बघत होते.
म्हटलं नव्हतं मी, ते म्हणाले,
कारकुनाला, मला, भिंतीवरच्या पंख्याला,
म्हटलं नव्हतं?
आई होय म्हणाली
आणि आपलं नाव पुरं केलं.

रायबंदरच्या धक्क्यावर तिची पिशवी धरायला घेतली
तर वर त्या पट्ट्या,
धुऊन, पिळून, अजून ओलसर.
मी काही विचारलं नाही.
चोडणच्या फेरीवर वारा फार,
पलीकडे पोचेपर्यंत केस सरळ होणार
हे तिला माहीत होतं.